बॉक्सवर ‘यूव्ही’ लिहिलंय म्हणून दिवा घेऊ नका : घरातल्या कासवाला नेमका कुठला प्रकाश लागतो?

नाशिकमध्ये ॲक्वेरियमच्या दुकानात गेलं की माशांच्या टाक्यांच्या खाली कुठेतरी एक पसरट टब असतो. त्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, हिरवीगार, कानाशी लाल पट्टा असलेली कासवं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. कुणी मुलाच्या हट्टापायी घेतं, कुणी वास्तूसाठी घेतं. देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला नमस्कार करतच आपण मोठे झालेलो असतो, त्यामुळे घरात कासव येतंय म्हटल्यावर आजीसुद्धा फारसा विरोध करत नाही.

दुकानदार सोबत प्लॅस्टिकचा टब, त्यात एक प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि वाळवलेल्या झिंग्यांची किंवा गोळ्यांची डबी देतो. पुढचे काही महिने सगळं छान चालतं. मग कासव खायचं कमी करतं, मागचे पाय ओढत चालतं, पाठ हाताला मऊ लागते, कडा वर वळायला लागतात. घरातलं कुणीतरी इंटरनेटवर शोधतं आणि उत्तर मिळतं : यूव्ही लाइट लावा.

इथपर्यंत बरोबर आहे. गडबड पुढे होते. शॉपिंग ॲपवर ‘यूव्ही लॅम्प’ असं टाकलं की जी यादी येते त्यात नेलपॉलिश सुकवायचा दिवा असतो, डास पकडायच्या मशीनची निळी ट्यूब असते, वॉटर प्युरिफायरची ट्यूब असते, पार्टीत पांढरे कपडे चमकवणारा जांभळा बल्ब असतो आणि मध्येच कुठेतरी कासवाचं चित्र असलेला एखादा बल्ब असतो. या सगळ्यांवर ‘यूव्ही’ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण यातल्या बहुतेकांचा कासवाला काडीचा उपयोग नाही आणि एक प्रकार तर त्याला आंधळं करू शकतो.

कासवाला मुडदूस होतो म्हणजे काय?

जुन्या पिढीला मुडदूस हा शब्द चांगला माहीत आहे. पोरांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे, हाडं मऊ राहायची. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्याखाली ठेवलं आणि एक्स-रेमध्ये त्यांची हाडं पुन्हा भरताना दिसली. औषध नव्हतं, फक्त प्रकाश होता. त्या प्रकाशातला कामाचा भाग म्हणजे यूव्हीबी.

सरपटणाऱ्या प्राण्यांचंही गणित तेच आहे. कातडीत एक कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ असतो. त्यावर यूव्हीबी पडला की त्याचं ड जीवनसत्त्वाच्या आधीच्या रूपात रूपांतर होतं, मग अंगाच्या उबेने ते ड३ होतं, आणि पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर प्रक्रिया करून ते वापरण्याजोगं करतात. हे ड३ नसेल तर पोटात कितीही कॅल्शियम घाला, आतड्यातून ते रक्तात पुरेसं जातच नाही. रक्ताला तर कॅल्शियम लागतंच, कारण त्यावर हृदय आणि स्नायू चालतात. मग शरीर ते हाडातून काढून घेतं. कासवाची पाठ म्हणजे हाडच. बरगड्या आणि मणके पसरून, जोडून तयार झालेलं. त्यामुळे दिवाळं आधी तिथे निघतं.

वरच्या ओळीतला ‘अंगाच्या उबेने’ हा भाग सहसा सुटतो. यूव्हीबीखाली बसलेलं कासव गार असेल तर पुढची साखळी रेंगाळते. म्हणून यूव्हीबीचा दिवा आणि उष्णतेचा दिवा हे दोन वेगळे दिवे असले तरी ते शेजारी शेजारी लागतात. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये असतो. नाशिक शहरातही डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातात. अशा दिवसांत टबात आखडून बसलेल्या कासवाला नुसती यूव्हीबी ट्यूब लावून काही होत नाही. त्याला बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आणि ती साध्या बल्बनेही देता येते.

एकाच नावाचे तीन भाऊ

यूव्ही म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. त्याची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात आणि त्यावरून त्याचे तीन भाग पडतात. ३१५ ते ४०० म्हणजे यूव्हीए. २८० ते ३१५ म्हणजे यूव्हीबी. त्याच्याही खाली, १०० ते २८०, म्हणजे यूव्हीसी.

यूव्हीए निरुपद्रवी म्हणता येईल. उलट कासवं आणि सरडे त्यातला काही भाग बघू शकतात, त्यांना त्यामुळे खाणं, रंग, जोडीदार नीट दिसतो. पण त्यातून ड३ तयार होत नाही. डासांच्या मशीनची ट्यूब, नेलपॉलिशचा दिवा, जांभळा पार्टी बल्ब आणि बाजारातले बहुतेक स्वस्त ‘यूव्ही एलईडी’ हे सगळे यूव्हीएचे. त्यावर ३६५ किंवा ३९५ असा आकडा दिसला की समजायचं, हाडांच्या दृष्टीने हा दिवा आणि मेणबत्ती सारखीच.

खरा धोका तिसऱ्या भावाचा. वॉटर प्युरिफायरमध्ये किंवा माशांच्या टाकीचं हिरवं पाणी साफ करणाऱ्या स्टरिलायझरमध्ये जी ट्यूब असते ती २५४ नॅनोमीटरची, म्हणजे यूव्हीसी. तिचं कामच जंतू मारणं. म्हणून ती बंद डब्यात असते. सूर्याचा यूव्हीसी ओझोनच्या थरात अडतो, जमिनीपर्यंत येतच नाही, त्यामुळे कुठल्याही प्राण्याच्या डोळ्याला त्याची सवय नाही. कोरोनाच्या काळात निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली असे दिवे उघडेच घरोघर पोचले. त्यातला एखादा कपाटात पडलेला असेल आणि ‘यूव्हीच आहे की’ म्हणून कासवाच्या टबावर लागला तर काय होईल?

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वेल्डिंगचं काम केलेल्या कुणालाही विचारा. चष्म्याशिवाय ठिणगीकडे बघितलं की त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. ती यूव्हीनेच भाजलेली बुबुळं असतात. माणूस तोंड फिरवू शकतो. टबातलं कासव कुठे जाणार? आणि तो टब हॉलमध्ये असेल तर शेजारी खेळणाऱ्या मुलांचे डोळेही त्याच उजेडात असतात.

बॉक्सवरून ओळखायचं कसं? ‘जर्मिसायडल’, ‘स्टरिलायझेशन’, ‘ओझोन’ यातला एकही शब्द असेल तर तो दिवा नाही घ्यायचा. ‘फुल स्पेक्ट्रम’ किंवा ‘डेलाइट’ हे शब्द असतील तर त्यांना काही अर्थ नाही असं धरून चालायचं, कारण साध्या पांढऱ्या एलईडीवरही ते छापतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे कोड आणि सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरचे दिवे असतात. ते खरोखर यूव्हीबीचे आहेत, पण मिनिटं मोजून, डोळे झाकून द्यायच्या उपचारासाठी. ते दिवसभर टबावर लावायचे नसतात.

मग कुठला घ्यायचा?

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून बनवलेल्या दिव्यांत चार प्रकार येतात : लांब ट्यूब, सीएफएलसारखा पिळाचा बल्ब, पाऱ्याच्या वाफेचा मोठा बल्ब आणि मेटल हॅलाइड. घरातल्या कासवासाठी लांब ट्यूब बरी, आणि त्यात टी५ एचओ प्रकारची. कारण साधं आहे. ट्यूबचा उजेड पसरतो. कासव बसायच्या जागी कुठेही बसलं तरी पूर्ण अंगावर सारखा यूव्हीबी पडतो. पिळाच्या बल्बचा मारा एका लहान ठिपक्यावर असतो, इंचभर इकडे जास्त, वीतभर तिकडे जवळजवळ काहीच नाही. शिवाय २००० नंतरच्या दशकात अशा काही बल्बांमधून यूव्हीबीच्या खालच्या टोकाचा, सूर्यप्रकाशात नसणारा भाग बाहेर पडत होता आणि त्याखालच्या प्राण्यांचे डोळे सुजल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या. चांगल्या कंपन्यांनी नंतर ते सुधारलं. पण नावगाव नसलेल्या स्वस्त बल्बच्या आत काय आहे, हे कुणी तपासलेलं नसतं.

पाऱ्याच्या वाफेचा बल्ब ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतो, त्यामुळे तो सोयीचा वाटतो. मोठ्या पिंजऱ्यात ठीक आहे. दोन फुटांच्या टाकीवर तो तंदूर होतो.

ट्यूबवर २.०, ५.०, १०.० किंवा ६ टक्के, १२ टक्के असे आकडे असतात. त्या ट्यूबच्या एकूण प्रकाशात यूव्हीबीचा वाटा किती, हे ते सांगतात. कासवापर्यंत किती पोचतो, ते सांगत नाहीत. एकाच आकड्याची जुनी जाड टी८ आणि नवी बारीक टी५ एचओ यांच्या ताकदीत मोठा फरक असतो. आणि टी५ एचओला तिच्याच जोडीची पट्टी आणि चोक लागतो. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत ती जुगाड करून बसवण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं लख्ख जळते, पण आतला यूव्हीबी त्याच्या खूप आधी ओसरतो. टी८ साधारण ६ महिन्यांनी आणि टी५ वर्षभराने बदलावी लागते. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण यूव्हीबी दिसतच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे लावतानाच ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवणं.

मध्ये काय आहे आणि किती लांब आहे

योग्य ट्यूब आणूनही अनेक कासवांची पाठ मऊच राहते, कारण मध्ये काच असते. साधी खिडकीची काच जवळजवळ सगळा यूव्हीबी खाते. पारदर्शक ॲक्रिलिकही बहुतेक वेळा तेच करतं. म्हणजे टाकीवर काचेचं झाकण ठेवून त्यावर ट्यूब लावली, तर कासवाला मिळतो फक्त उजेड आणि मालकाला फक्त वीजबिल. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही तसंच. ‘आमचं कासव तर रोज उन्हात असतं’ असं सांगणाऱ्या अनेक घरांत ते ऊन काचेतून आलेलं असतं.

जाळीचं झाकण असेल तर? नाशिककरांना शेडनेट समजावून सांगायची गरज नाही. ५० टक्क्यांची नेट वेगळी, ७५ टक्क्यांची वेगळी, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ असतं. टाकीवरची धातूची जाळीही तशीच वागते. विणीप्रमाणे ती तिसरा हिस्सा ते निम्मा यूव्हीबी अडवते. डासांची बारीक जाळी तर त्याहूनही जास्त. शक्य असेल तर ट्यूब जाळीच्या आत, पण पाण्यापासून आणि कासवाच्या तोंडापासून लांब लावलेली बरी.

मग अंतर. ट्यूबपासूनचं अंतर निम्मं केलं की यूव्हीबीचा मारा दुप्पट ते चौपट होतो. म्हणून ‘जरा जवळ लावू, जास्त फायदा होईल’ हा हिशेब भलताच महाग पडतो. नामांकित कंपन्यांच्या ट्यूबच्या बॉक्सवर किंवा वेबसाइटवर किती इंचांवर किती यूव्ही इंडेक्स मिळतो त्याचा तक्ता असतो. असा तक्ता ज्या दिव्यासोबत नाही तो दिवा घेऊ नये, ही एकच कसोटी लावली तरी बाजारातला निम्म्याहून जास्त माल बाजूला पडेल.

यूव्ही इंडेक्स म्हणजे हवामानाच्या ॲपवर उन्हाळ्यात दिसतो तोच आकडा. सरपटणाऱ्या प्राण्यांना तो किती हवा, याचा पहिला नीट अभ्यास अमेरिकेतले गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. त्यांनी जंगलात फिरणाऱ्या १५ जातींच्या सापांच्या आणि सरड्यांच्या मागे जाऊन, ते स्वतःहून जिथे बसतात तिथला यूव्ही इंडेक्स मोजला. त्यातून चार गट पडले. पहिल्या गटात सावलीत किंवा तिन्हीसांजेला वावरणारे, सरासरी ०.७ च्या आत राहणारे प्राणी. चौथ्यात भर उन्हात बसणारे, सरासरी २.६ ते ३.५ मध्ये. पुढे ब्रिटनच्या पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स आणि इतरांनी २०१६ मध्ये अडीचशेहून अधिक जाती अशा गटांत बसवल्या. आपल्याकडच्या लाल कानाच्या कासवाची गणना तिसऱ्या गटात होते : सरासरी १ ते २.६. बसायच्या फळीवर सर्वांत उंच जागी इंडेक्स तीन-चारच्या घरात आणि पाण्यात, आडोशाला शून्य, अशी रचना त्याला मानवते. इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगनही तिसऱ्याच गटात येतात. बॉल पायथन आणि लेपर्ड गेको पहिल्या गटातले, त्यांच्यावर कासवाची जोरदार ट्यूब लावणं म्हणजे छळ.

यातला आडोसा महत्त्वाचा. प्राण्याला स्वतःला कळतं किती वेळ बसायचं आणि कधी उठायचं. त्याचं शरीरही हुशार आहे. उन्हातून ड३ गरजेपेक्षा जास्त व्हायला लागलं की कातडीतच त्याचे निरुपयोगी तुकडे पडतात. तोंडावाटे दिलेल्या ड३ च्या थेंबांना असा ब्रेक नाही, म्हणून डॉक्टरला न विचारता ते पाजत सुटू नये. पण हा सगळा शहाणपणा प्राण्याला वापरता यावा म्हणून टाकीत उजेड आणि सावली दोन्ही हवेत. संपूर्ण टाकीवर एकसारखा यूव्हीबी म्हणजे पळायला जागाच नाही.

दिवा नेहमी वरून. निसर्गात ऊन वरून येतं, आणि भुवईचा कंगोरा व पापणी त्याच हिशेबाने बनलेली असते. बाजूला क्लिप लावून समोरून मारलेला दिवा थेट बुबुळात जातो. रोज १० ते १२ तास दिवा आणि रात्री पूर्ण काळोख. साधा टायमर लावला की घरात कुणाची ड्युटी लावावी लागत नाही.

नाशिकचं ऊन फुकट आहे, पण कधीचं?

वरचं सगळं वाचून वाटेल की ट्यूब, पट्टी, बल्ब, टायमर एवढं सगळं घ्यायचं, तेही दोनशे रुपयांच्या कासवासाठी? इथे नाशिककरांच्या बाजूने एक गोष्ट आहे. यूव्हीबी ट्यूबचं हे सगळं शास्त्र वाढलं ते ब्रिटनसारख्या देशांत, जिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतोच. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीच्या बातम्या येतात त्या याच दिवसांच्या. मे महिन्यात दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, ज्याला जागतिक आरोग्य संघटना ‘एक्स्ट्रीम’ म्हणते. डिसेंबरच्या निरभ्र दुपारीही तो सहा-सातपर्यंत असतो.

पण आपल्याकडे कोवळ्या उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरलं की ड जीवनसत्त्व मिळतं, असं घरोघर सांगतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरपे येतात, त्यांना हवेचा आणि ओझोनचा खूप लांबचा पट्टा ओलांडावा लागतो, आणि त्यात यूव्हीबी गळून जातो. उरतो तो उजेड आणि सुखद ऊब. कासवाला सकाळी सात वाजता गॅलरीत ठेवून साडेसातला आत आणलं तर त्याला छान वाटतं, हाडांच्या खात्यात मात्र फारसं काही जमा होत नाही.

मग नेमकी वेळ कशी ओळखायची? मीटर विकत घ्यायची गरज नाही, सावली बघा. सावली उंचीच्या साधारण दुप्पट असते तेव्हा निरभ्र आकाशात यूव्ही इंडेक्स दोनच्या आसपास असतो, म्हणजे आपल्या कासवाला हवा तेवढाच. नाशिकमध्ये ही वेळ मे महिन्यात सकाळी आठच्या सुमारास येते आणि डिसेंबरअखेर साडेनऊच्या आसपास. संध्याकाळी पुन्हा एकदा. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की आत. आठवड्यातून चार-पाच वेळा वीस-तीस मिनिटं अशी मिळाली तरी फार मोठा फरक पडतो.

काचेच्या टाकीसकट मात्र उन्हात ठेवायचं नाही. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, काचेची टाकीही तशीच तापते आणि कासवाला घाम येत नाही. पसरट घमेलं घ्यावं, अर्ध्यावर सावली, थोडं पाणी, बसायला वीट आणि वरून मोठ्या भोकांची जाळी. जाळी पळून जाण्यासाठी नाही, कावळ्यासाठी आणि घारीसाठी. गच्चीवरून लहान कासव उचलून न्यायला त्यांना क्षणही लागत नाही.

अडचण येते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर ढग, ओल, बंद खिडक्या. ढगातून थोडा यूव्हीबी येतो, पण भिजलेल्या थंड कासवाला बाहेर ठेवणं त्रासाचं. उत्तरेकडे तोंड असलेल्या फ्लॅटला तर बाराही महिने तोच प्रश्न. दिवसभर घर बंद ठेवून नोकरीला जाणाऱ्यांनाही सकाळचा मुहूर्त साधत नाही. ट्यूब खरी कामाची आहे ती या लोकांना. ज्यांच्याकडे पूर्वेची गॅलरी आणि सकाळचा अर्धा तास आहे त्यांना ती चार महिने पुरते.

पाणी आणि वीज एकाच टबात

याबद्दल थोडकंच, पण जपून. कासव पाणी उडवतं, पावसाळ्यात बोर्ड ओले होतात. घरात आरसीसीबी नसेल तर टाकीवर दिवा लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. वायर सॉकेटपर्यंत सरळ न नेता मध्ये खाली झोल द्यावा, म्हणजे वायरवरून आलेला पाण्याचा थेंब सॉकेटमध्ये न जाता झोलाच्या तळाशी गळतो. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर कधीच नको. उष्णतेचा बल्ब प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये नको, चिनी मातीचा होल्डर मिळतो तो घ्यावा. आणि दिवा साखळीने किंवा पट्टीने बांधलेला हवा, नुसत्या क्लिपवर भरवसा ठेवलेला दिवा पाण्यात पडला की संपलं.

पाठ आधीच मऊ झाली असेल तर

अगदी पिल्लाची पाठ कडेला थोडी लवचीक असते, त्याने घाबरायचं कारण नाही. पण दोन-तीन इंचांच्या कासवाची पाठ अंगठ्याने दबत असेल, जबडा रबरासारखा लागत असेल, पाय थरथरत असतील तर दिवा ऑनलाइन मागवून चार दिवस वाट बघण्यात वेळ जातो. पशुवैद्याकडे न्यावं, आणि ते सरपटणारे प्राणी बघतात का हे फोनवर आधी विचारावं, कारण सगळे बघत नाहीत. कॅल्शियमचं इंजेक्शन किंवा औषध लागू शकतं आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. डोळे सुजून बंद झाले असतील तर दोष दिव्याचाच असेल असं नाही. वर्षभर नुसते वाळवलेले झिंगे खाणाऱ्या कासवाला अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असंच होतं. पोपटाच्या पिंजऱ्याला अडकवतात ते समुद्रफेन पाण्यात टाकून ठेवलं तर कासव ते कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. पाण्याला हात लागला की साबणाने धुवायचे, लहान मुलांचे तर नक्कीच. साल्मोनेलाच्या भीतीने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकण्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडे विकली जातात ती नेमकी त्याच मापाची.

आणि हे कासव मुळात ठेवता येतं का?

लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, परदेशी. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव मात्र आपलं देशी, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात हे चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विहिरीत किंवा नदीत सापडणारं मऊ कातडीच्या पाठीचं कासवही त्याच अनुसूचीत. ‘नशीब उजळतं’ म्हणून ते विकायला कुणी आलं तर त्यासाठी कुठला दिवा घ्यावा हा प्रश्नच उरत नाही, वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करायचा. इग्वाना किंवा बॉल पायथनसारखे आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले.

दुकानातलं ते नाण्याएवढं कासव वाढून ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. दहावीतल्या मुलासाठी घेतलेलं कासव त्याच्या लग्नानंतरही त्याच घरात असू शकतं, दर वर्षी नव्या ट्यूबसह. हे लक्षात आल्यावर अनेकांना गोदावरी आठवते. पाण्यातलं आहे, पाण्यात सोडलं, पुण्यही मिळालं. पण हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. ते आपल्या देशी कासवांच्या उन्हाच्या जागा आणि खाणं बळकावतं, सोबत आजार नेतं. आणि गोदावरीचं पाणी इथून पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, २०२० मध्ये जाहीर झालेलं. ज्यांना पुढे सांभाळणं जमणार नाही त्यांनी ते दुकानात परत घेतात का विचारावं, सांभाळणारं दुसरं घर शोधावं किंवा प्राणिमित्र संस्थेकडे द्यावं. आणि ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांनी दुकानात किंमत विचारताना कासवासोबत ट्यूबची, पट्टीची आणि मोठ्या टाकीचीही विचारावी.